थोडं खाली

वखारवाला रायफल घेऊन दुकानात आला तेव्हा मिस्त्रीण एका जुन्या बंदुकीच्या दस्त्याला तेल चोळत बसली होती. वडिलांमागे बंदूक दुरुस्तीचं दुकान तिनंच सांभाळलं होतं, आणि सगळे तिला मिस्त्रीणच म्हणत. त्यानं रायफल बाकावर ठेवली, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसून सांगितलं, की दुर्बिणीतून नेम धरला की गोळी अजूनही वरच जाते.

याच रायफलीच्या गोळीनं तिचा धाकटा भाऊ गेला होता.

भाऊ आणि वखारवाला भागीदार. भाऊ वेगळं व्हायचं म्हणत होता, त्याच सुमारास दोघं शिकारीला गेले. चौकशीत वखारवाला ढसाढसा रडला. नेम डुकरावर होता, पण दुर्बीण सैल होती, गोळी वर गेली आणि चढावर उभ्या असलेल्या भावाला लागली, असं त्यानं सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. दुर्बीण बसवून दिली होती मिस्त्रिणीनं. तेव्हापासून ती दिसली की लोक बोलता बोलता गप्प होत. वहिनीनं तर तिचं तोंड पाहायचंही सोडलं.

"झालं गेलं सोडून द्या, ताई," वखारवाला उठताना म्हणाला. "माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही."

तो गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि रायफल शिकंज्यात धरली. दुर्बीण बसवताना प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या बैठकीवर लाल रंगाची बारीक रेघ ओढायची तिला सवय होती. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. तिनं भिंग लावून एकेक रेघ पाहिली. सगळ्या अखंड. दुर्बिणीला धरणाऱ्या कड्या जागच्या हलल्या नव्हत्या. मग तिनं नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस धरणारा बोल्ट काढला आणि मोकळ्या नळीतून खिडकीबाहेरच्या धुराड्याची एक तुटकी वीट पाहिली. दुर्बिणीत डोकावली, तर नेमाची फुली त्याच विटेवर.

म्हणजे गोळी त्यानं पाहिलं तिथंच गेली होती.

ती खाली बसली. दात इतके आवळले गेले की कानशिलं ठणकायला लागली. सांगणार कोणाला? चौकशी संपलेली, आणि रंगाची रेघ काय, कोणीही मागाहून ओढील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला जुन्या दगडखाणीत बोलावलं. वडील असल्यापासून नेम तपासायची जागा तीच. निशाण्याचा कागद खाणीच्या तळाशी, त्याच्या वर उघड्या दगडाचा एक कट्टा. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून आधी तिनं गोळ्या झाडल्या. सगळ्या कागदाच्या मधोमध लागल्या. मग तो बसला. कागदाला काही लागलं नाही. वर कट्ट्यावर धूळ उडाली.

"बघा," तो म्हणाला.

तिनं उंचीची चकती खाली फिरवली. धूळ पुन्हा तिथंच. चकती पार अडेपर्यंत फिरवली. तिथंच. दुर्बीण उतरवून तिनं पुढच्या बैठकीखाली पातळ पत्रा सारला आणि सगळं पुन्हा आवळलं. आता तिची स्वतःची गोळी कागदाच्या पुष्कळ अलीकडे मातीत घुसली. त्याची मात्र कट्ट्यावर, त्याच एका ठिकाणी.

त्यानं डोळा दुर्बिणीपासून काढला. कपाळ घामेजलं होतं.

"तिथं वर कोणाला उभं केलंय?"

तिनं पाहिलं. नुसता दगड होता. कोणी नाही म्हणून तिनं सांगितलं.

"पांढऱ्या सदऱ्यातला. हात हलवतोय."

"कसा?"

त्यानं पंजा पालथा धरून हवा हळूहळू खाली दाबून दाखवली.

लहानपणी मिस्त्रीण नेमबाजी शिकत असताना भाऊ त्या कट्ट्यावर उभा राहून खुणा करायचा. पालथा पंजा म्हणजे थोडं खाली. मिटलेली मूठ म्हणजे बरोबर. ही खूण तिघांनाच माहीत होती, आणि त्यातले दोघं आता नव्हते.

कोणीतरी चेष्टा करतंय, आत्ता जाऊन बघतो, असं पुटपुटत वखारवाला तरातरा निघाला. नळीसमोर माणूस जायचा असला की बोल्ट काढून ठेवायचा, हा वडिलांचा नियम. तिनं बोल्ट काढला. बोल्टचं तोंड साफ होतं. नळीत बोट घालून पाहिलं, काडतूस नव्हतं. बोल्ट तिनं एप्रनच्या खिशात टाकला.

मग तिनं दुर्बिणीला डोळा लावला.

भाऊ कट्ट्यावर उभा होता. चढून येणाऱ्या माणसाकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो तिच्याकडे पाहत होता.

त्यानं पंजा पालथा केला.

तिनं चकतीला हात लावला. अडलेली चकती फिरली. टक्. रायफलीचं तोंड पोत्यावर केसभर खाली बसलं.

थोडं खाली.

टक्. फुली भावाच्या छातीवरून दगडावर उतरली. दगडाच्या कडेशी वखारवाल्याचं डोकं वर आलं.

दुर्बिणीवरून डोळा काढता आला असता. तिनं काढला नाही.

"अजून?" तिनं हळूच विचारलं.

टक्. मान. टक्. दोन खांद्यांच्या मधोमध.

भावानं मूठ मिटली.

आवाज झाला नाही. वखारवाला दम लागल्यासारखा खाली बसला आणि मग कुशीवर कलंडला. कट्ट्यावर दुसरं कोणी नव्हतं.

अंगावर साधा ओरखडाही नाही, हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या डोळ्यांदेखत असं व्हावं, म्हणून लोक हळहळले. दुपारी वहिनी दुकानात आली. ती शेजारी बसली आणि तिनं मिस्त्रिणीच्या पाठीवर हात ठेवला.

वहिनी गेल्यावर मिस्त्रिणीनं रायफल जागेवर ठेवायला घेतली, आणि बोल्ट बसवण्यासाठी खिशात हात घातला.

लोखंड हाताला चटका देण्याइतकं गरम होतं. बोल्टच्या तोंडाशी, आकड्यात घट्ट धरलेलं, एक रिकामं काडतूस होतं. त्यातून अजून धुराची बारीक रेघ वर जात होती.