बाईसाहेबांच्या पाठीवरचं ओझं

नकाशावरचं टिंब हलत नव्हतं, म्हणून आम्ही तिघं दलदलीत शिरलो!

ते टिंब म्हणजे बाईसाहेब. क्रौंच पक्ष्याची मादी. मान ताठ, पाऊल जपून, चेहऱ्यावर 'बाजूला व्हा' असा भाव, म्हणून मीच तिचं हे नाव ठेवलं होतं. तिच्या पाठीवर माझ्या वहिनीनं बनवलेलं यंत्र होतं. यंत्र कसलं, एक छोटा संगणकच तो! पक्षी कुठे आहे ते सांगायचा, फोटो काढायचा आणि सगळं आमच्या फोनवर पाठवायचा. आकारानं साबणाच्या वडीएवढा. त्याच्या वजनाची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे होतं. ती मी कशी घेतली? यंत्र शर्टाच्या खिशात टाकून दिवसभर वर्कशॉपमध्ये हिंडलो आणि संध्याकाळी ऐटीत सांगितलं, "वहिनी, अहो, खिशात काही आहे हे विसरूनच गेलो मी!" वहिनी खूश झाली, मीही खूश झालो.

आता उत्तरेकडून लांबून आलेला थवा दलदल ओलांडून दक्षिणेकडे निघून गेला होता आणि टिंब मात्र दलदलीतच होतं. काठाचं पाणी गोठायला लागलं होतं. सगळं गोठलं की मागे राहिलेल्या पक्ष्याला खायला काही मिळत नाही, आणि बर्फावरून कोल्हे चालत येतात.

"यंत्र गळून पडलं असेल," होडीत बसता बसता वहिनी म्हणाली. "पट्टा तुटला असणार. ती गेली असेल थव्याबरोबर."

"असेल," डॉक्टर म्हणाले. हे पक्ष्यांचे डॉक्टर एरवी एकदा बोलायला लागले की समोरच्याला जांभई आवरावी लागते. त्या दिवशी मात्र एवढंच बोलले. खरं सांगायचं तर आम्हा तिघांनाही तेच हवं होतं. यंत्र चिखलात पडलेलं मिळावं, फोटो घ्यावेत आणि घरी यावं.

होडी लहान आणि सामान ढीगभर! यंत्राचा क्षीण झालेला संदेश पकडायला अँटेना, ती जोडायला भलामोठा लॅपटॉप, तो भिजू नये म्हणून पत्र्याची पेटी. शिवाय माझ्या गळ्यात नकाशाचा टॅब आणि वहिनीच्या खिशात फोन. डॉक्टर लांब काठीनं होडी रेटत होते. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच, वाळून करड्या झालेल्या बोरूची दाटी होती. मधून पाण्याची चिंचोळी वाट जात होती, आणि होडीच्या टोकाखाली बर्फाचा पातळ पापुद्रा कुरकुरत तुटत होता.

मातीच्या एका उंचवट्याशी आम्ही थांबलो. वहिनीनं लॅपटॉप उघडला, अँटेना फिरवली आणि अडकून राहिलेले फोटो भराभर येऊ लागले. असे फोटो आम्ही फोनवर रोज बघत होतो. 'काय सुंदर आकाश!' म्हणून लोकांना दाखवतही होतो. फोनच्या एवढ्याशा काचेवर नुसतं निळं दिसायचं. त्या मोठ्या पडद्यावर मात्र निळ्यात ठिपके दिसले. पुढे उडणारा थवा होता तो! पुढच्या फोटोत ठिपके बारीक झाले. त्याच्या पुढच्या फोटोत आणखी बारीक. शेवटच्या फोटोत फक्त बोरू आणि चिखल.

"मागे पडत गेली," डॉक्टर म्हणाले. वहिनीनं लॅपटॉप मिटला. मी उगाचच टॅबची पिशवी पुसत बसलो.

तिथून पुढे पाणी उथळ होत गेलं आणि होडी रुतली. काठीनं रेटून हलेना. "मी ढकलतो!" म्हणत मी उतरलो. चिखल गुडघ्यापर्यंत होता. मी खांदा लावला. एक, दोन, हिसका! होडी सुटली आणि सरकत पुढे गेली. मी तोंडावर आपटलो. उठायला पाय रोवला, तर खाली तळच नाही! मांड्या गेल्या. कंबर गेली. मी दोन्ही हातांनी टॅब डोक्यावर धरला.

"भाऊजी, हात वर करून काय उभे आहात? दोरी धरा!" वहिनी ओरडली.

"टॅब आहे हातात!"

"टाका तो!"

"अहो, सगळा नकाशा यात आहे!"

"तुमच्या भावाला काय सांगू? टॅब आणला आणि तुम्हाला ठेवून आले?"

चिखल बरगड्यांना लागला. मी टॅब टाकला. तो बुडबुडे काढत गेला. दोरी आली, पण हात बधिर झालेले, पकड राहीना. तेवढ्यात वहिनीनं पेटीतला लॅपटॉप होडीच्या तळाशी उपडा केला, पेटीचं झाकण लावलं, दोरीचं टोक कडीला बांधलं आणि पेटी माझ्याकडे ढकलली. घरापासून मी जिला शिव्या घालत होतो त्या पेटीला मी कडकडून मिठी मारली! "आडवे व्हा! पाय सोडा! ओढतेय!" दोघांनी ओढलं. चिखलानं माझा एक बूट ठेवून घेतला आणि बाकीचा मी सुटलो.

होडीच्या तळाच्या पाण्यात लॅपटॉप भिजला होता. चालू होईना. फोनला रेंज नव्हती. एवढा पसारा घेऊन आलो आणि दिशा सांगायला काहीच उरलं नाही!

आणि तेव्हाच वर आवाज आला. लांब, खरखरीत साद. आम्ही माना वर केल्या. एक एकटा क्रौंच बोरूवर घिरट्या घालत होता.

"तिचा जोडीदार," डॉक्टर हळूच म्हणाले. "तो गेला नाही."

म्हणजे ती इथेच होती. यंत्र गळून पडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी त्या घिरट्यांच्या दिशेनं होडी रेटली.

बोरू बाजूला केला तर बाईसाहेब समोर! चिखलाच्या पट्ट्यावर उभ्या. आम्हाला बघून धावल्या. पंख उघडले, आपटले, जरा उचलल्या गेल्या आणि धप्पकन खाली. पाठीवर आमची साबणाची वडी जशीच्या तशी बसलेली. पुन्हा धावली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी तिच्यावर चादर टाकली आणि मी तिला छातीशी धरलं.

अरे, हिला वजनच नव्हतं! एवढा मोठा पक्षी, माझ्या भाचीच्या दप्तराहून हलका. नुसती पिसं, हाडं आणि धडधड. पंखाखाली पट्ट्यानं कातडी सोलवटली होती. प्रत्येक फडफडीला तो तिथेच घासत आला असणार, इतक्या लांबच्या वाटेवर. मला इतकी लाज वाटली की तिच्या नजरेला नजर देववेना.

"खिशात ठेवलं तेव्हा जाणवलंच नव्हतं," मी पुटपुटलो.

"तुम्हाला उडायचं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. मग कात्री पट्ट्याखाली घालता घालता त्यांचा आवाज उतरला. "आणि बांधलं तर मी. माझ्या हाताला तरी कुठे कळलं?"

पट्टा तुटला. यंत्र चिखलात पडलं. जखमेला मलम लावून झालं. आता सोडायचं, तेवढ्यात वहिनीनं खिशातून एक कागदाची पुडी काढली. आत शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी होतं.

"हे फक्त जागा सांगतं," ती म्हणाली. "पहिलं मी हेच केलं होतं. पण कॅमेरा बसत नव्हता त्यात. लोकांना फोटो हवे असतात ना, म्हणून..." ती थांबली. "लोकांना कसले? मला हवे होते."

डॉक्टरांनी बटण तळव्यावर घेतलं. "हलकं आहे. अगदीच हलकं. नुसतं पिसाला चिकटवलं तरी पोहोचली की नाही ते कळेल."

"लावू या!" मी म्हणालो. मला ते कळायला हवंच होतं. ती पोहोचल्याचं टिंब एकदा दिसलं असतं, तर मला रात्री झोप लागली असती. वहिनीचाही हात पुढे आला होता. चादरीतून बाईसाहेबांची मान वर आली, त्यांनी एकदा जोडीदाराला साद घातली, आणि वहिनीनं डॉक्टरांच्या तळव्यावरून बटण उचलून मूठ मिटली.

"नको. मागच्या वेळीही आपण हेच म्हणालो होतो. हलकं आहे म्हणून."

चादर काढली आणि आम्ही होडी मागे घेतली. बाईसाहेब धावल्या. अडखळल्या. थांबल्या! वरून जोडीदार उतरला, तिच्या शेजारी धावू लागला, आणि दोघांचे पंख एकदमच उघडले. पाय सुटले! चिखल सुटला! बोरूच्या शेंड्यांना पोट घासत, डगमगत, पण वर! गेली! खरंच गेली!

मी टाळी वाजवायला हात उचलले आणि मग गुपचूप खाली घेतले. आमची शाबासकी तिथे कोणालाच नको होती. ते दोघं दक्षिणेकडे वळले. ठिपके होईपर्यंत आम्ही बघत राहिलो, ठिपके गेल्यावरही बघत राहिलो. मग यंत्र चिखलातून उचलून वहिनीनं पेटीत ठेवलं आणि डॉक्टरांनी काठी हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी दलदल पुरती गोठली. थवा पोहोचल्याच्या बातम्या आल्या. त्यात ती होती की नव्हती, हे सांगणारं कोणी नाही.

"पोहोचली असेल ना हो, भाऊजी?" काम करता करता वहिनी अजून मध्येच विचारते.

"असणारच," मी म्हणतो, आणि हातातलं काम जरा जास्तच निरखून बघू लागतो.