अंबिका नावाचं मशीन

हसा, हसा. दिपेश, तू दाराजवळ बसलायस, तू जरा कमी हस. माझ्या भाच्यावर, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सलिलवर गुदरलेली गोष्ट हाय ही.

यंदाच्या महाशिवरात्रीची आदली रात्र. सलिल तळा गावाहून हरिहरेश्वरला गेला. विश्वंभरशेठच्या लॉजवरचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले होते. सकाळी भाविकांची झुंबड उडणार, आणि बुकिंग उघडत न्हाय.

"रात्रीत जमव, न्हायतर पुढचं सगळं काम माणगाववाल्याला," असं बजावून शेठ झोपायला गेले.

मी सातवी नापास, समजलं तेवढं सांगतो. मशीनं म्हणजे खिचडी. दोन जुनी विंडोजची, एक शेठच्या मुलाने मुंबईहून आणलेलं ॲपलचं. तिथली पद्धत अशी, की खुर्चीत जो बसेल त्याचंच नाव मशीनला. नवं मशीन आधी काउंटर सांभाळणाऱ्या अंबिकाताईंच्या टेबलावर ठेवलं, म्हणून नावही अंबिका. ताई दिवाळीतच वारल्या होत्या. एकटी बाई. आल्यागेल्याला विचारायची, "जेवलास का रे?" डबा उघडून वाट बघायची. जेवायला बसत कुणी नसे.

नवं मशीन म्हणे, हे नाव आधीच वापरात हाय. दुसरी अंबिका कुठे? ताईंचं जुनं मशीन तर माळ्यावर, वायरीशिवाय.

सलिलने नव्याला श्रद्धाचं नाव दिलं, काउंटरवरच्या नव्या मुलीचं. बुकिंग उघडलं! निघावं की न्हाय गाढवाने? पण डोक्यात किडा. त्याने सगळी मशीनं बंद केली, वायरी उपटल्या. उरला फक्त त्याचा लॅपटॉप, त्याच्याच नावाचा.

पडद्यावर, जोडलेल्या मशीनांच्या यादीत, दोन नावं. सलिल. अंबिका.

त्याने अंबिका उघडली. आत एकच फोल्डर. नाव, 'जेवलास का रे'.

पोरगं हसलं. त्याला वाटलं, ही मामाचीच थट्टा. माझी कीर्तीच तशी! त्यानेही खाली फोल्डर केला, 'न्हाय जेवलो, वाढा', आणि मला फोन लावला.

"मामा, कुणाला हाताशी धरलंत?"

"अरे, मी पालीला हाय, हळदीत! कॉम्प्युटरचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, मला काय ठाऊक?"

माझ्यामागे बेंजो वाजत होता. तो त्याला ऐकू गेला.



"सलिल?"

"मामा... माझ्या फोल्डरचं नाव बदललं."

"काय झालं?"

"'बस.'"

मागे खुर्ची सरकली. मी ऐकली ती. फोनवर. पालीत बसून.

लॅपटॉप छातीशी धरून तो पळाला. काम मिळालं त्याला, शेठ अजून बोलावतात. तो जात न्हाय. आता पुण्यात असतो.

लॅपटॉप त्याच्याकडेच, कपाटात, बंद. आणि लॉजवर श्रद्धा सकाळी मशीन लावते, तेव्हा आपल्या तीन मशीनांखाली तिला आणखी दोन नावं दिसतात.

अंबिका.

सलिल.