राणीची नक्कल

खोटं सांगून मला काय मिळणार? हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी काकू, वसुधा. तिनं मला ते तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

तारीखसुद्धा ठाऊक आहे. १६ एप्रिल १९५७, मंगळवार. जागा भोपाळ, नवे सरकारी क्वार्टर.

रात्र नव्हती. दुपारचे पावणेतीन वाजले होते.

आधी नक्कल म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. जुन्या नाटक मंडळ्या पूर्ण नाटक कुणाच्या हाती देत नसत. दुसऱ्या कंपनीनं चोरलं तर? म्हणून प्रत्येक नटाला फक्त त्याचीच वाक्यं लिहून मिळत. ती त्याची नक्कल. समजा, तुम्ही राजा आहात. तुमच्या कागदावर राजाची वाक्यं काळ्या शाईत. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी, समोरचा जिथं थांबतो तिथले दोन-तीन शब्द, लाल शाईत. ते कानावर आले की तुम्ही बोलायचं. राणी त्याआधी काय काय बोलली, ते तुमच्या कागदावर नाहीच.

वसुधाकाकूचे वडील, अण्णा, हे उमरीकर नाटक मंडळीचे मालक. नाटकंही तेच लिहायचे. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं नाटक 'संगीत रूपवेल'. त्यातली राणी अच्युत नावाचा नट करायचा. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करीत. १९३८ साली अमरावतीच्या मुक्कामात अच्युत गेला. अण्णांनी राणीची नक्कल त्याच्या चितेवर ठेवली आणि मंडळी बंद केली.

पुन्हा लिहून काढा, असं कुणी म्हटलं की ते एवढंच म्हणत, "ती त्याच्याजवळ आहे."

अण्णा गेले तेव्हा एकुलत्या एक मुलीला नकलांची ट्रंक मिळाली, आणि एक ताकीद. "दुसऱ्याचा एक शब्द आत जाऊ देऊ नकोस. त्यापेक्षा नाटक मेलेलं बरं."

राज्यांची फेररचना झाली. काकूच्या यजमानांची, विश्वासकाकांची, कचेरी नागपूरहून भोपाळला हलली, आणि ट्रंकही आली. इथल्या मराठी लोकांना पहिल्याच गणेशोत्सवात नाटक हवं होतं. ते बसवणार होते बाळूकाका. मंडळीतले जुने विनोदी नट, आता सचिवालयात जावक कारकून.

"राणीचं मी लिहितो की," ते म्हणाले. "कुणाला आठवतंय ती काय बोलायची?"

"तुम्हाला तरी आठवतं का? चौदा वर्षं मंडळीत होतात तुम्ही."

"अगं, ती बोलत असायची तेव्हा मी विंगेत विड्या फुंकत असायचो! बघ वसू, महिनाअखेरपर्यंत वाट पाहतो. नाहीतर मी आपली लेखणी उचलतो. का ट्रंकेतच वाळवी लावायचीय?"

तिला झोप लागेना. नकला दिल्या तर अण्णांचा शब्द मोडणार. न दिल्या तर नाटक ट्रंकेतच मरणार.

निदान बाकीच्यांची वाक्यं तरी एका वहीत नीट मांडावी, म्हणून ती त्या मंगळवारी बसली. खिडकीला ओलं पोतं. बाहेर होले पक्षी घुमत होते. मोठ्यानं म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, ही अण्णांची शिस्त. तिनं राजाचं वाक्य म्हटलं.

"या महालात अंधार का, राणी?"

लिहिलं. राणीसाठी चार ओळी कोऱ्या सोडल्या.

आणि होले गप्प झाले...

"दिवा तुमच्या नावाचा होता, महाराज. तुम्ही गेलात, तो मालवला. आता उजेड कसला मागता?"

आवाज शेजारच्या क्वार्टरमधून, भिंतीपलीकडून आला होता. पुरुषाचा आवाज. गळा बारीक केलेला नव्हता. नुसता मऊ केला होता.

काकूनं राजाच्या नकलेत पाहिलं. पुढच्या वाक्याआधी लाल अक्षरं होती...

उजेड कसला मागता.

ती अनवाणीच बाहेर पळाली. शेजारच्या दाराला कुलूप.

"उसमें कौन होगा, भाभीजी?" चौकीदार म्हणाला. "ग्वालियरवाले बाबू तो आए ही नहीं।"

त्यानं कुलूप काढून दाखवलं. खोली रिकामी. फरशीवर चुन्याची भुकटी, त्यावर एकही पाऊल नाही. पण वास चुन्याचा नव्हता. नट तोंडाला लावतात त्या सफेद्याचा होता.

"लहानपणी विंगेत बसून ऐकलं असशील," विश्वासकाका संध्याकाळी म्हणाले. "डोक्यात राहिलं, आता वर आलं."

"मग दुपारीच का येतं?"

"दुपारी मी ऑफिसात असतो. तेवढीच काय ती घरात शांतता!"

ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली.

रोज तसंच. ती राजाचं वाक्य म्हणे... होले गप्प होत... भिंतीमागून राणी बोले. आणि राणीचं प्रत्येक बोलणं बरोबर लाल अक्षरांवर येऊन थांबे. एकदाही चूक नाही. काकू लिहीत राही. भीती वाटत नव्हती का? वाटत होती. पण नाटक जिवंत होत होतं.

अकराव्या दुपारी शेवटचा प्रवेश आला.

"मी तुझी वाट पाहीन, राणी," तिनं राजाचं शेवटचं वाक्य म्हटलं. पुढे नकलेत एकच शब्द होता. पडदा. तिनं तो लिहिला आणि टाक खाली ठेवला.

होले अजून गप्पच होते.

"माझी वाट पाहू नका, महाराज. मी केव्हाची इथंच आहे..."

या वेळी आवाज भिंतीमागून आला नव्हता.

खोलीतून आला होता.

ती लिहीत गेली. मान वर न करता. पानभर बोलणं झालं. शेवटी एक वाक्य आलं. ते तिनं लिहिलं, मग वाचलं, आणि वही मिटून सरळ उंबऱ्याबाहेर उन्हात जाऊन बसली.

दोन दिवसांनी बाळूकाका आले. वही वाचायला लागले. मधेच हसले, मधेच डोळे पुसले. "हेच गं! अगदी हेच! एवढं तुझ्या ध्यानात कसं राहिलं?"

मग ते शेवटच्या पानाशी आले.

"हे कुठून आणलंस?"

"का? चुकलंय?"

"चुकेल कसं? हे प्रयोगात कधी झालंच नाही!" त्यांनी वही खाली ठेवली. "अच्युत गेला त्याच दुपारी अण्णांनी शेवट बदलला होता. कागद फक्त अच्युतच्या हातात. रंगपटात बसून तो हे पहिलं वाक्य घोकत होता. मी शेजारी मिशा चिकटवत होतो. मला म्हणाला, 'बाळ्या, पुढचं सांगणार नाही. आज तरी विड्या सोड आणि ऐक.' आणि आरशासमोरच मान टाकली त्यानं... तू होतीस का तिथं?"

"आईबरोबर आजोळी होते."

विश्वासकाका तिथंच बसले होते. लहानपणी ऐकलं असशील, असं ते त्यानंतर कधी म्हणाले नाहीत.

"मी एक अक्षर घालत नाही," बाळूकाका उठत म्हणाले. "पण हे भाषण पूर्ण घ्यायचं. लोक रडतील."

"फक्त पहिलं वाक्य," काकू म्हणाली. "ते अण्णांचं, तुम्ही स्वतः ऐकलंय. पुढचं कुणाचं ते मला माहीत नाही. दुसऱ्याचा शब्द आत जाणार नाही."

"अगं, खुद्द त्यानं..."

"त्याचाही नाही."

गणेशोत्सवात राणी ते एकच वाक्य बोलली आणि पडदा पडला. टाळी वाजायला फार वेळ लागला म्हणतात. पुढे सिनेमावाले आले, शेवट गोड करून मागितला. काकूनं त्यांना चहा देऊन परत पाठवलं. तीस वर्षं तिनं त्या नाटकाला कुणाचा हात लागू दिला नाही.

गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा ती खाटेवर होती. मी विचारलं, "काकू, ते शेवटचं वाक्य काय होतं?"

तिनं मला दार लोटायला लावलं. मग म्हणाली...

"हे लिहून घेतंय कोण?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. उत्तर दिलं असतं तर त्याचं पुढचं वाक्य आलं असतं."

वही आता माझ्याकडे आहे. जन्मभर शाळेत शिकवलं. हजार मुलांना तरी सांगितलं असेल, मोठ्यानं वाचा, खणखणीत वाचा. माझी नात नुकती वाचायला शिकली आहे. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, दिसेल ते मोठ्यानं वाचते. परवा दुपारी कपाटातून तिनं ती वही काढली. शेवटचं पान उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं, तोंड उघडलं...

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हे मनातल्या मनात वाचायचं, बाळा."

"का, आजोबा?"

मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं मी कधी टाळलेलं नाही. हे मात्र अजून दिलेलं नाही.