शंभर बाठ्यांची लॉटरी

गोदाने आढीतला आंबा शिवाच्या हातात ठेवला, आणि तिचा हात काही मागे यायला तयार होईना... चार वर्षांनी धाकटा भाऊ दारात उभा होता, मुंबईच्या आगबोटीतून उतरून थेट घरी आलेला, आणि त्याचे डोळे मात्र बहिणीकडे नव्हे, त्या आंब्याकडे लागलेले!

त्याचं तरी काय चुकलं? अकरा वर्षांपूर्वी सगळा गाव हापूसची कलमं बांधत असताना या पठ्ठ्याने कातळावर शंभर बाठे पुरले होते. बाठ्यातून आलेलं झाड बहुधा आंबटच निघतं. पण शंभरात एखादं असं निघतं, की तसा आंबा जगात दुसरा नसतो, असं तो म्हणे. "ही तर लॉटरी," म्हणून लोक हसले. गोदा हसली नाही. आईने तिच्या लग्नासाठी ठेवलेली सोन्याच्या पुतळ्यांची माळ मोडून तिने तो कातळ घेतला. ठरत आलेलं स्थळही माळेबरोबर गेलं.

सातव्या वर्षी झाडं धरली. एकेक आंबट, एकेक रेषाळ... नव्व्याण्णव! उरलेलं एक मोहरेचना. शरमेने शिवाने मुंबई गाठली. मग पत्र नाही, निरोप नाही. गोदा त्या एका झाडाला डोक्यावरून पाणी वाहत राहिली. बंदरातून आगबोटीचा भोंगा ऐकू आला, की तिची पावलं वाटेतच थबकत.

यंदा ते धरलं. मुंबईत गिरणीत असलेल्या एका गाववाल्याच्या पत्त्यावर तिने मास्तरांकडून कार्ड लिहवून घेतलं, 'शेवटचं झाड धरलं. ये.'

शिवाने चीक पिळून आंबा तोंडाला लावला, आणि त्याचा चेहरा आक्रसला.

"बाय, आंबट हाय गो."

"ठावं हाय. मी आधीच चाखलेला."

"मंग मना बोलावलास कशाला?"

"झाड धरलाय म्हटल्याबिगर तू येतोस कुठला?" गोदाने पदराने डोळे टिपले. "सोना मी झाडाव नाय लावलेला, शिवा. तुझ्याव लावलेला."

तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. कानशिलाजवळचे पांढरे केस, हंड्याने विरळ झालेला माथा... ज्या बहिणीला तोंड दाखवायला तो इतकी वर्षं भ्याला होता, ती फक्त त्याची वाट पाहत होती! तो उंबऱ्यातच बसला आणि हमसाहमशी रडला. रडता रडता दात आंबेपर्यंत तो आंबा चोखत राहिला, पार बाठ्यापर्यंत.

"आजून हायत?" त्याने विचारलं.

गोदा आंबे आणायला आत गेली.