सात नंबरची घंटा

ही घटना खरी आहे. वॉर्डाच्या नोंदवहीतल्या वेळा पडताळूनच लिहिली आहे. आणि ती रात्री घडलेली नाही. रविवारी, भर दुपारी सव्वातीनला घडली.

ती डॉक्टर होती आणि संशोधनही शिकत होती. सकाळी वॉर्डात पेशंट. दुपारनंतर तळघरातल्या प्रयोगशाळेत त्याच पेशंटच्या गाठींमधल्या पेशी. त्यांच्यावर एकेक औषध घालून बघायचं.

सात नंबरच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. कॅन्सर इतका दुर्मीळ, की त्यावर ठरलेलं औषधच नव्हतं.

"तुमच्या पेशी मस्त वाढताहेत, मावशी!" ती एकदा भरात बोलून गेली.

"अगं, त्या तिकडे मस्त, म्हणजे मी इकडे खलास ना?"

ती ओशाळली. मावशी मात्र हसत होत्या. मग त्यांनी तिचा हात धरला.

"औषध लागू पडलं की आधी मला सांग. मी गिऱ्हाइकाला कच्च्या शिलाईवरच बोलावते. तसं, कच्चं असलं तरी सांग."

"सांगेन."

खाटेजवळचं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावरच्या फलकात घंटा वाजे आणि त्या खाटेचा दिवा लागे. मावशींची घंटा ठरलेली. सिस्टरसाठी एकदा, या डॉक्टरसाठी दोनदा.

एका मंगळवारी एका औषधाने मावशींच्या गाठीतल्या पेशी मेल्या. सगळ्या.

ती जिन्याकडे धावली. प्रयोगशाळेच्या सरांनी अडवलं. "एकदा आलं म्हणजे काही खरं नसतं. तीनदा येऊ दे. उगाच आशा लावू नकोस त्यांना."

नियम बरोबरच होता.

मावशी रोज विचारत. "काय गं, काही?"

"अजून नाही, मावशी."

दुसऱ्यांदा तोच निकाल आला, त्या दिवशी मावशी गेल्या.

तिसरा निकाल त्या रविवारी आला. कागद घेऊन ती वॉर्डात का गेली, हे तिला आजही सांगता येत नाही. सात नंबरची खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली. घंटेच्या बटणाच्या जागी भिंतीत नुसतं भोक.

आणि...

घंटा वाजली. दोनदा.

फलकावर सातचा दिवा लागला होता.

"वायर तर परवाच काढून नेली," सिस्टर पुटपुटली.

ती खाटेजवळ गेली. "मावशी, औषध लागू पडलं. तिन्ही वेळा."

तिने कागद खाटेवर ठेवला.

पुन्हा दोनदा.

काय विचारलं जातंय, ते तिला कळलं.

"पहिल्यांदा... एकोणीस दिवसांपूर्वी आलं होतं. तुम्ही होतात तेव्हा. मी खोटं बोलले."

दिवा विझला.

माफ केलं म्हणून, की नाही केलं म्हणून... तिला ठाऊक नाही.

तेवढ्या दिवसांत मावशी वाचल्या नसत्या, असं सर म्हणतात. तिलाही ते पटतं. पण त्या ऐकून तरी गेल्या असत्या.

आता पहिल्याच निकालाला ती जिना चढून वर जाते. कच्चं आहे, हे आधी सांगते. पेशंट ऐकत असतो.

तिचे कान मात्र फलकाकडे असतात...