कॅमेऱ्यावरची टिकली

कॉम्प्युटरच्या दुकानातून नेहमीचा दादू येणार होता. दारात उभा राहिला तो कुणी दुसराच. ओला चष्मा शर्टाला पुसत, उगाच हसत.

“दादूला ताप आलाय. मी हर्षद. रिमोट लॉगिनचा सर्व्हर टाकायचाय ना?”

मानसीनं दुकानात फोन करून खात्री केली, मगच दार पुरतं उघडलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गेल्या वर्षी विश्वासानं ज्याला पासवर्ड दिला, त्यानंच तिच्या साड्यांच्या नक्ष्या परस्पर विकल्या होत्या. पण पवईच्या ऑफिसातून मुलुंडच्या घरचा हा नवा कॉम्प्युटर चालवायचा, तर परक्याचं सॉफ्टवेअर आत घेणं भाग होतं. कॅमेऱ्यावर तिनं आधीच टिकली चिकटवून ठेवली होती.

“टिकली छान आहे,” तो म्हणाला. “पण… चुकीच्या जागी लागलीय.”

“तू काम कर ना.”

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तो आपणहून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिला ते आवडलं. आणि आवडलं म्हणूनच संशय आला.

तो गेल्यावर आईनं हळदकुंकू वाहून नव्या कॉम्प्युटरची पूजा केली. संध्याकाळी मानसी कामाला बसली, तर पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला… थेट नक्ष्यांच्या फोल्डरकडे.

हर्षदनं जाताना दिलेल्या नंबरवर तिनं फोन लावला. “बाहेर हो माझ्या कॉम्प्युटरमधून. चोर आहेस तू.”

“मी बाजारात भाजी घेतोय, यार. तू नेट बंद कर. तरी बाण हलला, तर मी नाही.” त्यानं फोन ठेवला.

तिनं नेट बंद केलं. बाण तरीही हलला. माऊस उलटा केला, तर खालच्या लाल दिव्याच्या भोकात आईचं कुंकू.

नक्ष्या शाबूत होत्या. पण भिंतीकडे वळलेला तो माणूस हातचा गेला, या विचारानं तिचे डोळे भरून आले. तिनं मेसेज केला, ‘माऊसमध्ये कुंकू गेलं होतं. सॉरी. पासवर्ड बदलायचाय.’

‘तो तुला बदलता येतो.’

‘हो. तरी ये ना.’

दुसऱ्या दिवशी तो आला, न हसता. मुकाट्यानं भिंतीकडे वळला.

“रागावलायस?”

“थोडा. चोर कुणी म्हटलं नव्हतं आजवर.”

मानसीनं कॅमेऱ्यावरची टिकली काढली आणि कपाळावर लावली.

“झाला पासवर्ड?” तो भिंतीलाच म्हणाला.

“झाला. तो तुला कधीच सांगणार नाही. बाकी काय विचारायचं असेल ते… वळून विचार.”

तो वळला. टिकलीकडे बघतच राहिला.

“उद्या ऑफिस सुटल्यावर… पवईच्या तलावावर येशील?”

“अजून कोण कोण येणार आहे?” तिनं डोळे बारीक करून विचारलं.

“कुणी नाही. आपण दोघंच.”

“मग येते.”