पाठीवर मावेल एवढी गिटार

तळेरे फाट्यावर एसटीच्या दारात माझी गिटार अडकली... आणि तिच्यासकट मीही.

"ओ ताई, आत येवा नायतर भायर जावा! गाडी सोडूची आसा माका," कंडक्टर ओरडला.

मागून गिटार हळूच ढकलत कुणीतरी म्हणालं, "आडवी नको, उभी धरा... आता डोक्या वाकवा. तुमचा न्हय, गिटारीचा!"

सगळी गाडी हसली. मलाही हसू आलं. पण बसल्यावर खोळ उघडली, तर गिटारीच्या पोटाला बोटभर तडा गेलेला.

"माझ्याच ढकलण्यान झाला ता?" मघाशी मागून बोललेल्या त्या तरुणानं समोरच्या बाकावरून विचारलं. चेहरा अगदी पडलेला.

"नाय हो. मोठीच आसा ही. रोजचीच अडकता."

त्याचं नाव शिवा. दशावतारी कंपनीत पखवाज वाजवायचा. जत्रांच्या दिवसांत रोज रात्री नवा गाव. माझीही फिरतीच. आज जामसंड्याची शाळा, उद्या तळेऱ्याची, परवा कणकवलीची... मुलांना गाणं शिकवायचं. आणि दिवेलागणीला जिथे असेन तिथे देवापुढे एक अभंग म्हणायचा, मगच घोटभर पाणी, हा माझा नेम. गिटार दोन्हीकडे सोबतीला.

"मगे ल्हान घेवा. कणकवलीक आमच्या दाजींचा वाद्यांचा दुकान आसा. थंय मी असतंय, दुपारचो."

"तुम्ही असता की नाही, ते मी विचारलं का?"

"नाय..." तो खिडकीबाहेर बघू लागला. "मी आपला सांगान ठेवलंय." कान मात्र लाल झाले होते.

दाजींकडे लहान गिटार नव्हती, मागवावी लागली. ती येईपर्यंत आम्ही गाडीत भेटत राहिलो. रात्र जागून तो परतत असायचा, मी कामाला निघालेली. जागरणानं जड झालेले डोळे, पण घाटीचं वळण आलं की त्याचा हात अलगद माझ्या तडकलेल्या गिटारीवर... जणू तिला दुखेल. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मग एका दुपारी दाजींनी निरोप पाठवला. गेले, तर काउंटरवर एक नाही, दोन गिटारी.

लहान गिटार पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाची. आमच्या दमट हवेत फुगायची, चिरायची भीती कमी. बाकावर मांडीत मावणारी, जाड अस्तराची खोळ, दोन्ही खांद्यांना पट्टे. आवाज मात्र जरा बारीक. दुसरी मोठी. तिची तार छेडली आणि... भरल्या विहिरीत घागर बुडावी तसा आवाज!

"मोठीच घी गो बाय," दाजी म्हणाले. "वरची खोली रिकामी आसा, थंयच क्लास घाल. कित्याक गाडीचे धक्के खातंस?"

शिवाची मान खाली.

"हे तूच सांगाक लावलंस ना रे?"

"होय..." तो पुटपुटला. "घरात तुझो विषय काढलंय. आवस म्हणता, दोगांय फिरतीर, तर चूल कोण पेटवतलो? तू हय रवलंस तर ती आजच हो म्हणात."

लग्नासाठी त्याच्या आईची ही अट ऐकून माझी बोटं तारेवरच थांबली. किती सोपं होतं! नुसती मान हलवायची. घर, हा माणूस, आणि हा असा आवाज. पण जामसंड्याच्या त्या पोरी... गाडीचा हॉर्न वाजला की शाळेच्या फाटकापर्यंत पळत येतात. माझ्याआधी त्यांना गाणं शिकवायला कुणी गेलंच नव्हतं.

मोठी गिटार मी हळूच खाली ठेवली. "दाजी, ल्हान खोळीत घाला."

"तेजू..."

"शिवा, तुका कोणी सांगल्यान काय, पखवाज ठेव नि घरात बस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"जो आदी घराक येयत, तो चूल पेटवतलो. माका सगळा जेवण येता. तुका?"

"...पेज येता."

"पेज चालात," मी म्हटलं. दाजी खोकल्यासारखं करून हसले.

"आवशीक कसा सांगूचा?" शिवा म्हणाला. "तेजू, देवाक कौल लावया. देव देतलो तसा."

देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवायच्या; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे सगळं असंच ठरतं. मीही कितीदा हात जोडून त्या पाकळीकडे बघत उभी राहिले आहे. पण आज...

"मनात दोन गोष्टी असल्यो की कौल लावतत, शिवा. माझ्या मनात एकच आसा. देवाक ती कधीच सांगलंय. तुझ्या मनात दोन आसत काय?"

तो अगदी हळू म्हणाला, "नाय. एकच."

"तर मगे चल. आवशीकडे मीच बोलतंय."

"आत्ता?"

"आत्ताच."

खोळ पाठीवर घेऊन मी दुकानाच्या पायऱ्या उतरले. त्यानं हात पुढे केला. गिटारीसाठी असेल म्हणून मी पट्टा सोडवू लागले.

"ती तुझ्याच पाठीर रवांदे," तो म्हणाला. "माका तुझो हात दी."